आदल्या दिवशी काढलेली टीसी

रविवार, ११ मे

आधी उठ आणि गॅसवर दूध ठेवलं आहेस का ते बघून ये. नाही ठेवलं म्हणतेस? नक्की? बघ, उठलीसच. वाचायला शिकलेल्या माणसांचं हे असंच. कागदावर लिहून ठेवतात आणि डोक्यातून काढून टाकतात. मला अक्षर येत नाही, म्हणून माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी आहे. कोण कधी काय बोललं, ते चाळीस वर्षांनीही सांगीन.

तरी ही वही. नातीनं आणली. "आजी, तू बोलत जा, आई लिहील." म्हणून मी सुंदरबाई पटले बोलते आणि माझी सून सुशिला लिहिते. ही दहावी शिकलेली आहे. घरी आम्ही पोवारीत बोलतो, गावात झाडीबोलीत, आणि ही लिहिताना माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून शाळेतलं करते. करू दे. फक्त लोक जे बोलतील ते जसंच्या तसं लिही, अशी ताकीद दिली आहे.

नात म्हणजे उर्वशी, माझ्या शिवलालची मुलगी. रोज आमच्या गावाजवळच्या गोरेगावहून बसनं गोंदियाच्या कॉलेजात जाते. बीएस्सीचं पहिलं वर्ष. संख्याशास्त्र. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, मोजणं.

"मोजाले कॉलेज? मी हयातभर धानाची पोती मोजली, मले कोणी डिगरी नाही देल्ली."

"आजी, तुले देतील तवा देतील. मले पुण्याले जायचं आहे."

पुण्याकडे कुठलं तरी मोठं विद्यापीठ आहे. तिथे मधल्या वर्षातही मुलं घेतात, पण मोजकीच. आता गोष्ट अशी. यंदा दुसऱ्या वर्षात जायचं तर बारा जागा आहेत, पण बारावीचे मार्क अर्धे धरतात आणि कॉलेजचे अर्धे. पुढच्या वर्षी तिसऱ्यात जायचं तर बारावी कोणी विचारत नाही, पण जागा तीनच. बारावीत उर्वशीला अठ्ठावन्न टक्के. परीक्षेत कावीळ झाली होती, पेपर लिहिताना आकडे पिवळे दिसत होते म्हणते. कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत मात्र दहापैकी नऊ दशांश तीन. यंदा जावं की थांबावं, हा प्रश्न.

"आजी, तू सांग न."

"भाताच्या रोपांचा पऱ्हा किती दिवसांचा लावतात?"

"एकवीस, पंचवीस."

"कोवळा लावला तर खेकडे कापून नेतात. जुना झाला तर फुटवे धरत नाही. तू किती दिवसांची?"

"एकोणीस वर्षांची!"

"मंग जा बापा. आधीच उशीर झाला."

सगळे हसले. फॉर्म यंदाच भरायचं ठरलं. मी थट्टेत म्हटलं होतं, पण थट्टेत म्हटलेलंही या घरात ऐकतात. बरं वाटतं.

मंगळवार, ३ जून

फॉर्म भरला. त्यात बापाचं नाव, आईचं नाव, दोघांचं शिक्षण, सगळं विचारलं. आजीला जागाच नाही. मी उर्वशीला म्हटलं, खाली कोपऱ्यात लिही, आजी आहे, चालते-फिरते. ती म्हणाली कोपरा नाही.

शुक्रवार, २७ जून

आठ दिवस पोरगी पाण्याच्या टाकीवर चढून बसत होती, तिथे मोबाईलला रेंज चांगली. दुसऱ्या सहामाहीचा निकाल लागेना आणि पुण्याचं मार्क भरायचं दार तीस तारखेला बंद होणार. निकाल उशिरा लागला तर नऊ दशांश तीन असो की दहा, उपयोग शून्य. मी म्हटलं, मार्क मिळवायचे तेही तूच आणि वेळेवर यावेत म्हणून घाबरायचं तेही तूच, मग कॉलेज करतं काय?

आज दुपारी टाकीवरूनच ओरडली. नऊ दशांश एक! शिवलालनं ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून धाव घेतली. मी अंगणातून विचारलं, "कमी झाले न?" कोणी ऐकलं नाही.

सोमवार, ३० जून

मार्क भरले, दार बंद झालं. आता यादी आठ तारखेला.

शिवलाल जेवताना म्हणत होता, "यादी लागली का जातो गोंदियाले, टीसी काढून आणतो." टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. इकडे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली आहे. बारा बायका सांगून ठेवल्या आहेत, आणि याला नेमकं तेव्हाच गोंदियाच्या बाबूंच्या मागे फिरायचं आहे. मी म्हटलं, "बाया शेताच्या धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्यावर पऱ्हे खोदाले बसतं काय तू? आदल्या दिवशीच खोदून, पेंढ्या बांधून शेतातल्या बांधीत ठेवतात न? मंग कागदाले कायले उशीर?"

तो हसला. सुशिलानं त्याला अजून भात वाढला.

पाऊस बरा आहे. नळाजवळची शेवग्याची फांदी मोडली.

गुरुवार, ३ जुलै

रोवणी लागली. मी धुऱ्यावर छत्री घेऊन बसते आणि बायकांच्या चुका काढते. त्या मला शिव्या घालतात. चांगलं चाललं आहे.

शिवलाल काल खताच्या निमित्तानं गोंदियाला गेला होता. आला तो शर्टाच्या आत काहीतरी सपाट लपवून, हसत हसत, सरळ पेटीकडे. मी सुशिलाला म्हटलं, लुगडं आणलं वाटते तुझ्यासाठी. ही लाजली. लाजली नाही म्हणते. लिही, लाजली.

मंगळवार, ८ जुलै

काय सांगू.

यादी लागली. बारा नावांत उर्वशी अकरावी. ती किंचाळली, सुशिला रडली, शिवलाल चिखलाच्या पायांनी आत आला आणि पेटी उघडली. आतून त्यानं कागद काढला, तांदळाच्या पापडासारखा चकचकीत. पोरीच्या हातावर ठेवला.

"घे. तुयी टीसी. सहा दिवस झाले, काढून ठेवली. पावसापाण्याचे दिवस, म्हणून गोरेगावले प्लास्टिकमध्ये मढवून आणली."

उर्वशी कागदाकडे बघत राहिली. मग मोबाईलकडे. मग पुन्हा कागदाकडे. तिचा चेहरा असा उतरत गेला की मला वाटलं कावीळ परत आली.

"बाबूजी, ही कायले काढली?"

"कायले म्हणजे? लागत नाही काय?"

"लागते. पण मागून. आधी आपल्या कॉलेजची ना-हरकत लागते. का बा, आमची विद्यार्थिनी आहे आणि आमची हरकत नाही. टीसी काढली म्हणजे मी त्या कॉलेजची राहिलीच नाही. ना-हरकत देईल कोण?"

चौदा तारीख, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तो कागद पुण्याला पोचला नाही तर बाराच्या खालची मुलगी वर येणार. पुण्यात नाही आणि गोंदियाच्या कॉलेजातूनही नाव कटलेलं. म्हणजे कुठलीच नाही. एका दाखल्यानं.

शिवलाल उंबऱ्यावर बसला. पायाचा चिखल वाळून पांढरा झाला तरी उठला नाही.

गुरुवार, १० जुलै

बापलेक काल कॉलेजात गेले. दुलीचंद बाबू म्हणून कोणी आहे खिडकीत. उर्वशीनं सांगितलं तसं लिहवते.

"ना-हरकत चाहिए."

"किसकी?"

"मेरी."

त्यानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "बेटा, आप तो दो तारीख को निकल गए. जो हमारा बच्चा ही नहीं, उसके बारे में हमको हरकत कैसे होगी? और हरकत नहीं, ये भी हम कैसे लिखें?"

"मैं तो यहीं खड़ी हूँ, सर."

"खड़े रहो, मना नहीं है."

प्राचार्य मॅडम नागपूरला मीटिंगला. शनिवारी सुट्टी, मग रविवार. सोमवारी येतील. सोमवार म्हणजेच चौदा.

पोरगी बापाशी बोलत नाही. ताट घेऊन मागच्या अंगणात जाते. मीही आज शिवलालला सोडलं नाही. म्हटलं, "पन्नाशी आली तुयी, एवढी घाई कायले? कोणी सांगतलं होतं तुले आधीच काढून ठेवाले? पोरीले विचारलं? मायले विचारलं?" तो खाली मान घालून ऐकत होता. लहानपणापासून असाच, चूक झाली की दगड होतो. लिही सुशिला, दगड.

लिहिलंस? मग थांबलीस काऊन?

शुक्रवार, ११ जुलै

काल सुशिलानं पेन खाली ठेवला. मी म्हटलं झोप आली असेल, दिवसभर वाकून रोवणं म्हणजे काही खेळ नाही. आज दुपारी वही घेऊन आली आणि म्हणाली, "माय, मागचं एक पान वाचून दाखवू काय?"

"वाच की. माझंच तर आहे."

तिनं तीस तारीख वाचली. बाया धुऱ्यावर उभ्या. पऱ्हे आदल्या दिवशी खोदून. मंग कागदाले कायले उशीर.

मी म्हटलं, "हे मी नाही बोलली."

"बोलल्या तुम्ही."

"तू आपल्या मनचं लिहिलं."

"माय, मी तुमचं धुते, पण दुसऱ्याचं कधी तुमच्या नावावर नाही घातलं. ते जेवत होते. मी भात वाढत होती. तुम्ही बोलल्या अन् ते हसले."

पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा तेच निघालं. तिसऱ्यांदा वाच म्हटलं. माणूस बोलून गेलं की शब्द हवेत जातो, इतकी वर्षं माझा तोच हिशेब होता. कागद तसाच्या तसा तिथे होता. माझाच आवाज, माझीच थट्टा, शेवग्याच्या फांदीसकट.

शिवलालनं दोन दिवस माझी बोलणी खाल्ली. पोरीचा अबोलाही सोसला. एकदाही म्हणाला नाही, माय, तूच तर म्हणालीस. मी त्याला दगड म्हटलं होतं. सुशिला, ते खोडून टाक.

नाही. राहू दे.

सोमवार, १४ जुलै

आज मी गोंदियाला गेले. वर्षभरात एसटीत पाय ठेवला नव्हता. शिवलाल म्हणाला, "माय, तू कायले?" मी म्हटलं, "मले कॉलेज पाहायचं आहे. सगळे पाहून येऊन राहिले, मीच राहिली." उर्वशी खिडकीशी बसली, बापापासून दोन बाकं पुढे.

प्राचार्य मॅडम बारा वाजता आल्या. चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. उर्वशीनं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, पण निवड व्हायच्या आधी टीसी काढायला कोणी सांगितलं तुला?"

उर्वशी बापाकडे बघायला लागली. शिवलाल हात जोडून म्हणाला, "मीच काढली मॅडम. माही चुकी."

मी खुर्चीवरून उठले. गुडघ्यानं आवाज केला, तो सगळ्यांनी ऐकला.

"याची नाही, बाई. माझी आहे. आम्ही पऱ्हे आदल्या दिवशी खोदून ठेवतो, म्हणून मी म्हटलं कागदही काढून ठेव. हा माझं ऐकतो, ही याची खोड आहे. वहीत लिहिलेलं आहे. मी थट्टा केली आणि पोरीचं नाव कटलं."

उर्वशीनं माझ्याकडे पाहिलं. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं असं पाहिलं, जसं पाहुण्या बाईकडे पाहतात. या घरात मीच एक अशी होते की जिची चूक होत नाही. ती बाई आज तिच्यापुढे नव्हती, आणि तिथे उभं कोण होतं ते तिला ओळखू येत नव्हतं.

मॅडमनी कपाळ दाबलं. म्हणाल्या, "या कॉलेजातून तिथं निवड झालेली तू पहिली मुलगी आहेस. टीसी वापरली नसेल तर पंधरा दिवसांच्या आत रद्द करता येते. अस्सल कागद आणलाय?"

शिवलालनं पुढे केला. मॅडमनी त्यावर "रद्द" लिहायला पेन टेकवला. पेन घसरला. दुसरा घेतला, तोही घसरला. दुलीचंद बाबूनं शिक्का मारला. निळी शाई प्लास्टिकवर थेंब थेंब होऊन बसली. त्यानं बोट लावलं तर पुसली गेली.

"अरे भैया, इसको पॅक काहे किया?"

"पाऊस होता, साहेब," शिवलाल म्हणाला.

"कागज पे सही चाहिए. प्लास्टिक पे सही हमारे यहाँ नहीं चलती."

दोन वाजले होते. नवीन टीसीवर चालत नाही, दुसरी प्रत चालत नाही, अस्सलच पाहिजे, टीसीच्या पुस्तकात परत डकवायची असते. दुलीचंद बाबूनं कुठूनसं ब्लेड आणलं आणि कडेनं प्लास्टिक चिरायला लागला. भाजी चिरताना सुशिला धरते तसं जिभेचं टोक बाहेर काढून. वरचा पदर निघाला. खालचा निघेना. ओढला तर कागद मधोमध फाटला. "उर्वशी शिव" एकीकडे, "लाल पटले" दुसरीकडे. उर्वशीच्या तोंडून आवाज निघाला, तसा मी तिच्या जन्मापासून ऐकला नव्हता. मी डोळे मिटले. बघायची हिंमत नव्हती.

"नंबर बच गया," बाबू म्हणाला. "नंबर बचा तो सब बचा."

दोन तुकडे डिंकानं चिकटवले. रद्द लिहिलं, शिक्का मारला, या खेपेला उमटला. मग नाव परत चढवलं, शिवलालची सही घेतली, मग ना-हरकत टाईप झाली. टाईप करणारी मुलगी जेवायला गेली होती. मॅडमनी स्वतः टाईप केली, एका बोटानं. साडेचारला सही. ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवरून उर्वशीनं पुण्याला पाठवली तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती.

परतताना ती बापाच्या शेजारी बसली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी मागच्या बाकावर.

शुक्रवार, १८ जुलै

पुण्याहून उत्तर आलं. घेतली.

दोन विषय तिथे नव्यानं करायचे, इकडचे ते मानत नाहीत. बाकी सगळं मान्य. बावीस तारखेला हजर व्हायचं. चार दिवस!

खरं सांगते, कारण ही वही आता माझ्या तोंडावर ठेवून वाचतात. बातमी ऐकली आणि मला आनंद झाला नाही. मी मनात धरून बसले होते की नाही घेणार. पोरगी गोंदियालाच राहील, संध्याकाळच्या बसनं येईल, माझ्यावर रागावलेली का होईना, पण अंगणात असेल. एवढ्या धावपळीत मीही धावले, आणि आत कुठेतरी हे धरून बसले होते. मला स्वतःचीच धास्ती वाटली. म्हणजे तीस तारखेला मी खरंच थट्टाच केली होती ना?

सुशिला, तू माझ्याकडे अशी बघू नको. लिही.

सोमवार, २१ जुलै

शिवलाल तिला सोडायला गेला, अर्धी रोवणी टाकून. बायकांना मी बघेन म्हटलं.

निघताना उर्वशी माझ्या पाया पडली. नेहमी वाकताना एखादा टोमणा मारते, "आजी, नखं वाढली", असं काही. आज नाही. "येते," म्हणाली. मीही "हो" म्हटलं. मला काही सुचलं नाही. मला!

रविवार, १० ऑगस्ट

तीन रविवार फोन येतो आहे. आईशी बोलते, बापाशी बोलते. "आजी कशी आहे?" असं त्यांना विचारते. मी शेजारीच बसलेली असते.

आज शिवलाल शेतावर होता. सुशिला चुलीशी. फोन वाजला, मीच हिरवं बटण दाबलं. पलीकडे उर्वशी. म्हणाली, "आजी, तूच आहेस न? आईले नोको देऊ."

पहिली चाचणी झाली. वीसपैकी सात.

मी परत विचारलं. सातच. नऊ दशांश अमुक आणणारी पोर, वीसपैकी सात! ती म्हणाली, इथली मुलं शिकून आलेलीच असतात, सर फळ्यावर एक ओळ लिहितात आणि पुढच्या तीन गाळतात, आणि सगळ्यांना त्या दिसतात, हिलाच दिसत नाहीत. बाबूजींना सांगू नको म्हणाली. त्यांनी माझ्यासाठी किती ऐकून घेतलं.

"कोणाकडून?" मी विचारलं.

"तुयाकडून," ती म्हणाली आणि हसली. रडत होती, तरी हसली. महिनाभरानं माझ्याशी हसली.

मग हळूच म्हणाली, "आजी, परत येऊ काय? गोंदियाची जागा अजून भरली नाही म्हणे. तू सांग."

तोंडापर्यंत आलं होतं. ये म्हणणंही आलं होतं आणि राहा म्हणणंही. दोन्ही गिळलं. विचारलं, "जेवलीस काय?" म्हणे मेसच्या भाजीला चव नाही, नुसता भात खाते. मी म्हटलं बघते. फोन ठेवला.

आता हे लिहवताना सुशिलाला सगळं कळलं. कळू दे, तुला कळायलाच पाहिजे होतं. पण शिवलालपाशी चकार शब्द काढायचा नाही. डोळे पूस आणि ऐक. बुधवारी गावातला कैलाश पुण्याला चालला आहे, त्याच्या पिशवीत जागा सांगून ठेव. जवसाची चटणी दे. जवस मंद आचेवर भाज, जाळू नको. तिखट आपल्या घरचं घाल, लसूण अजिबात नको, लसणानं टिकत नाही. आणि वाटीभर देऊ नको. मोठा पितळी डबा आहे ना, तो काठोकाठ भर, दिवाळीपर्यंत पुरली पाहिजे.